बाहेरची बाजू

सोनारीच्या तालमीतली कुलदीप आणि अमरसिंह यांची जोडी सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती. कुलदीप गावातला, उत्तरेश्वरांचा थोरला मुलगा. अमरसिंह ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा. शाळेत असल्यापासून दोघं एकाच हौद्यातल्या मातीत घोळले आणि यात्रेतल्या कुस्त्यांना एकाच गाडीवर बसून गेले. एकमेकांशी मात्र त्यांनी कधी जाहीर कुस्ती धरली नाही. कुणी आग्रह केलाच तर कुलदीप हसून म्हणायचा, "आमचं आमी रोज सकाळी बघतोच की."

म्हणून सोनालीसाठी अमरसिंहाचं स्थळ आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद कुलदीपला झाला. सोनाली त्याची धाकटी बहीण, परंड्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिला अमरसिंह आवडतो हे घरात फक्त कुलदीपला ठाऊक होतं. उत्तरेश्वर मात्र बरेच दिवस काही बोललेच नाहीत. मग एकदा जेवता जेवता म्हणाले, "पोरगं कष्टाचं हाय. घरदार बी चांगलं. पर डोकं लई गरम त्याचं. यात्रेत पंचाच्या अंगावर धावलेला म्या डोळ्यानं बघितलाय. आज पंच हाय, उद्या बायको असंल."

"आबा, त्याला म्या वळखतो," कुलदीप म्हणाला. "तसलं काय झालं तर मला धरा."

उत्तरेश्वरांनी मुलाकडं पाहिलं, भाकरीचा तुकडा मोडला. "बरं. तुझ्या शब्दावर."

वैशाखातली तारीख निघाली.

घडलं ते चैत्रात, काळभैरवाची यात्रा तोंडावर आली असताना. सकाळची मेहनत उरकून बाकीचे आंघोळीला गेले होते. हौद्यात दोघंच उरले होते. कुलदीपचं अंग त्या दिवशी भलतंच हलकं झालं होतं, त्यानं अमरसिंहाला लागोपाठ दोनदा चीत केलं. दुसऱ्यांदा छातीवर बसून तो हसत म्हणाला, "सोनीला सांगावं लागंल बाबा. नवरा लई मऊ निघाला म्हणून."

थट्टाच होती. एरवी अमरसिंहानं एक शिवी हासडून त्याला ढकललं असतं आणि दोघंही हसले असते. पण त्या दिवशी ते वाक्य त्याला लागलं. तो उठला, अंगावर आला आणि कुलदीपचा डावा पाय पटात धरला. घोटा हातांनी आवळला आणि गुडघ्याला आतल्या बाजूनं खांद्याचा रेटा दिला. गुडघा बाहेरच्या बाजूला झुकायला लागला. तिकडं तो झुकायचा नसतो.

"सोड," कुलदीप म्हणाला. मग मातीवर हात आपटत मोठ्यानं, "अमर, सोड!"

अमरसिंहानं सोडलं. पण ऐकल्या ऐकल्या नाही सोडलं. मधे एक क्षण गेला, आणि त्या क्षणात गुडघ्यातून ओलं कापड टरकावं तसा आवाज आला.

कुलदीप मातीत आडवा पडला होता. चेहरा राखेसारखा झाला होता. अमरसिंह त्याच्याजवळ गुडघ्यावर बसला. "कुलदीप... अरं, म्या..."

"गप." कुलदीपनं दात आवळले. "गाडीवरनं पडलो म्हणायचं."

"काय?"

"ऐक म्या काय म्हणतो ते. ओढ्याच्या वळणावर गाडी घसरली, डाव्या पायावर पडली. आबाला ह्ये कळलं तर लगीन मोडंल. सोनीचा शालू आलाय घरात."

"पर दवाखान्यात तरी खरं सांगू..."

"कुठंच न्हाय. म्या शब्द दिलाय घरात, तुला कळत न्हाय का?"

परंड्याच्या रस्त्यावर अपघाताचा एक छोटा खाजगी दवाखाना आहे. तिथं दिवसपाळीला डॉ. शुभांगी असायच्या. त्या मूळच्या उमरग्याकडच्या. घरी आईशी कानडी, दवाखान्यात मराठी, आणि चिडल्या की दोन्ही. पुण्यात असताना त्या रुग्णाच्या खाटेशीच सोनोग्राफी करायला शिकल्या होत्या. तातडीच्या वेळी रुग्णाला इकडून तिकडं न्यायचं नाही, यंत्रच त्याच्यापाशी ओढायचं.

एक्स-रे काढून झाला. हाड मोडलेलं नव्हतं. पण गुडघा कलिंगडासारखा सुजला होता. शुभांगींनी यंत्र खाटेजवळ ओढलं, गुडघ्यावर थंड जेल लावलं.

"ही सोनोग्राफी न्हवं का?" त्या कळांतही कुलदीपनं विचारलं. "ती तर पोटाची असती."

"पोटाची असते तशी गुडघ्याचीही असते. एक्स-रेत नुसती हाडं दिसतात. हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे असतात ना, लिगामेंट म्हणतात त्यांना, ते यात दिसतात. सगळे दिसत नाहीत. अगदी आत खोल असतात त्यांच्यासाठी एमआरआयच लागतो. पण आतल्या अंगाचा आणि बाहेरच्या अंगाचा चांगला दिसतो." त्यांनी हातातला प्रोब, यंत्राचा अंगावर फिरवायचा दांडा, क्षणभर तसाच धरून ठेवला. "आता मला नीट सांगा, कसं झालं? पाय कुठल्या बाजूला वळला यावरून कुठला पट्टा गेला असेल ते कळतं."

"गाडी घसरली मॅडम. ओढ्याच्या वळणावर. गाडीच पडली पायावर."

"कुठल्या बाजूनं?"

"बाहेरनं."

बाहेरून मार बसला की गुडघा आत दबतो आणि आतल्या अंगाचा पट्टा ताणतो. शुभांगींनी प्रोब आतल्या बाजूला ठेवला. पडद्यावर करड्या रंगाच्या बारीक रेघा उमटल्या, एकीला एक चिकटून गेलेल्या, शेवयांच्या जुडीसारख्या. थोड्या फुगलेल्या होत्या, पण सलग होत्या. त्यांनी गुडघा हलकेच दाबून पाहिला. रेघा जागच्या हलल्या नाहीत.

"हा तर शाबूत आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग वाटीच्या वर प्रोब नेला. तिथं काळं पाणी दिसलं. "आत रक्त साठलंय. म्हणजे काहीतरी तुटलंय खास. पायाची बोटं वर करा बघू. हां, नस बरी आहे." त्यांनी पुन्हा कुलदीपच्या अंगावरून नजर फिरवली. "गाडीवरून पडलात आणि कुठं साधं खरचटलेलंही नाही?"

कुलदीपच्या कानामागं लाल माती चिकटलेली होती. तेल-ताकात मुरलेली, तालमीतली. ओढ्याच्या दोन्ही काठांना काळ्या मातीचं रान आहे. शुभांगींना ती माती दिसली. पण त्याच वेळी त्यांनी प्रोब गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टेकवला आणि कुलदीप असा ओरडला, की त्यांना हात मागं घ्यावा लागला.

त्या अमरसिंहाकडं वळल्या. तो भिंतीला टेकून पडद्याकडं बघत उभा होता. "तुम्ही होतात ना बरोबर? गुडघा आत दबला की बाहेर?"

 अमरसिंहानं कुलदीपकडं पाहिलं. कुलदीपनं डोळे मिटून घेतले होते.

"गाडीच पडली मॅडम," तो म्हणाला. "बाहेरनं."

बाहेर आरडाओरडा झाला. यात्रेला येणाऱ्या माणसांची पिकअप शेळगावच्या अलीकडं पलटी झाली होती. बायका, म्हातारी माणसं एकामागून एक आत आणली जाऊ लागली. दवाखान्यात यंत्र एकच होतं, आणि कुणाच्या पोटात रक्तस्राव होतोय का हे त्याच्यावरच बघायचं होतं. गुडघा थांबू शकत होता. शुभांगींनी नर्सला इंजेक्शन सांगितलं, प्रोब पुसला आणि यंत्र ढकलत त्या दुसऱ्या खाटेकडं गेल्या.

त्यांना परत यायला दुपार झाली. इंजेक्शननं कुलदीपला गुंगी आली होती. त्याच्या पायाला मांडीपासून खाली ताठ आधारपट्टा बांधला होता. शुभांगींनी अमरसिंहाला दाराशी बोलावलं. त्यांच्या बाहीवर रक्ताचे डाग होते.

"हे बघा, बाहेरची बाजू माझी बघून झालेली नाही. आता सूज आहे, तो हात लावू देत नाही. पुढच्या आठवड्यात आणा, आणाच. नाहीतर आधीच सोलापूरला एमआरआय करून घ्या. तिकडचा पट्टा गेला असेल तर सुरुवातीच्या दिवसांतच तो शिवता येतो. उशीर झाला की तो आखडतो, मग शिवायला काही उरत नाही. कळलं ना?"

"व्हय मॅडम."

"लक्षात ठेवाल?"

"व्हय."

जीपमधून घरी येताना कुलदीप शुद्धीवर आला. "काय म्हणल्या बाई?"

"पट्टा बांधून ऱ्हा म्हणल्या," अमरसिंह म्हणाला. "जमलं तर फुडच्या आठवड्यात दाखवा."

'जमलं तर' त्याच्या मनात आधी नव्हतं. बोलता बोलता ते तोंडातून गेलं. त्याला फक्त एवढंच दिसत होतं, की पुन्हा तीच खोली, तोच पडदा, आणि पुन्हा बाई वळून विचारणार, गुडघा आत दबला की बाहेर? तिथं परत उभं राहायचं त्याच्यानं होणार नव्हतं.

उत्तरेश्वरांनी गाडीच्या गोष्टीवर विश्वास ठेवला. मथुराबाईंनी, कुलदीपच्या आईनं, दृष्ट काढली. अमरसिंह रोज यायचा, कुलदीपला उठवून बसवायचा, त्याच्या वाटची जनावरांची वैरण टाकायचा. "जावई असावा तर असा," असं मथुराबाई शेजारणींना सांगू लागल्या. ते कानावर आलं की अमरसिंह गोठ्याकडं निघून जायचा.

आठवडा गेला. सूज बरीच उतरली. सोनालीनं अमरसिंहाला फोन केला. "दादाला दाखवायला न्यायचं हुतं ना?"

"सूज गेलीय की आता. चालतोय बी काठीवर."

"पर बाईंनी बोलवलं असंल तर..."

"म्या हाय न्हवं का? लग्नाच्या गडबडीत त्याला कुठं दगदग? लगीन उरकलं की नेतो."

सोनालीला ते पटलं. त्याला आपल्या भावाची किती काळजी आहे, असंच तिच्या मनात आलं. त्या रात्री तिनं मैत्रिणीलाही तसंच सांगितलं.

लग्न व्यवस्थित झालं. कुलदीप आधारपट्टा बांधून, काठी टेकत मांडवभर फिरला. बहिणीची पाठवणी करताना तो सगळ्यांत जास्त रडला, आणि त्याच मिनिटाला अमरसिंहाच्या कानात म्हणाला, "आता तू दाजी. आता तुला शिव्या देता येत न्हायत, एवढंच वाईट."

आधारपट्टा काढल्यावर चालताना त्याचा डावा गुडघा दर पावलाला बाहेर झुकायचा. बघणाऱ्याला वाटायचं, सवय गेलीय, येईल हळूहळू. त्यालाही तसंच वाटत होतं. दिवाळीनंतर पुन्हा मातीत उतरायचं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

लग्नानंतर देवीच्या दर्शनाला सगळे तुळजापूरला गेले. दर्शन झालं, ओटी भरली. बाहेर पडताना दाटी होती. पायऱ्यांवर कुणाचातरी धक्का लागला, कुलदीपनं सगळा भार डाव्या पायावर घेतला आणि गुडघा बाजूला निखळला. तो दोन पायऱ्या खाली आदळला. नव्या नवरीच्या हातातला कुंकवाचा पुडा खाली सांडला, आणि सोनाली त्याच्यावरूनच भावाकडं धावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला शुभांगींच्या दवाखान्यात आणलं. या वेळी सोनालीही आत आली. ती भावाच्या उशाशी उभी राहिली. अमरसिंह दाराजवळ थांबला.

शुभांगींनी चेहरा ओळखला. "तुम्ही तर पुढच्या आठवड्यात येणार होतात."

कुलदीप ओशाळून हसला. "लगीन हुतं घरात."

त्यांनी जेल लावलं आणि या वेळी प्रोब सरळ बाहेरच्या बाजूला ठेवला. एका हातानं प्रोब धरला, दुसऱ्या हातानं घोटा आत घेतला. पडद्यावर दोन हाडांच्या पांढऱ्या कडा दिसत होत्या. घोट्यावर जोर पडला तशा त्या कडा एकमेकींपासून दूर झाल्या आणि मधे काळी फट उघडली. हात सैल केला, फट मिटली. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा उघडली.

"ते काळं काय हाय?" सोनालीनं विचारलं.

"तिथं पट्टा असायला हवा होता." शुभांगींचा आवाज खाली गेला. त्यांनी प्रोब वर-खाली सरकवला. एका टोकाला आखडून गोळा झालेला तंतूंचा बुंधा दिसला, दुसरं टोक सापडतच नव्हतं. "हे कालचं नाही. हे जुनं आहे. आणि हे गाडीवरून पडून होत नाही. गाडी बाहेरून पडली तर आतला पट्टा जातो. हा आतून कुणीतरी रेटा दिल्याशिवाय असा तुटत नाही."

त्यांनी गुडघ्यावरचं जेल पुसलं.

"मी आणाच म्हणून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "का नाही आणलं?"

"तुमीच म्हणला हुता ना मॅडम," कुलदीप म्हणाला, "जमलं तर या म्हणून."

"मी? जमलं तर?"

शुभांगींनी दाराकडं पाहिलं. कुलदीपनंही मान वळवून पाहिलं. अमरसिंह खाली बघत होता. त्याच्याकडं बघता बघता कुलदीपच्या चेहऱ्यावरचं ते ओशाळं हसू हळूहळू गेलं. तालमीतला तो क्षण त्यानं कधीच माफ केला होता. रागात माणसाचं होतं तसं. पण बाईंचा निरोपच बदलला असेल याची त्याला कल्पना नव्हती. त्याचा ओठ हलला, आणि मग त्याची नजर सोनालीकडं गेली. ती गोंधळून एकदा डॉक्टरांकडं, एकदा नवऱ्याकडं बघत होती. तिच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती.

"न्हाय, माझीच चूक," कुलदीप घाईनं म्हणाला. "बाईंनी सांगितलं हुतं. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाय. गुंगीत हुतो ना."

शुभांगींना कळलं.  सोलापूरच्या सर्जनला फोन लावायला त्या बाहेर गेल्या.

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली सिमेंटचा बाक होता. सोनाली पाण्याची बाटली भरून तिथं आली तेव्हा अमरसिंह डोकं धरून बसला होता. ती शेजारी बसली. "काय झालं? बाई असं काय म्हणत हुत्या?"

त्यानं सगळं सांगितलं. हौद्यातलं, थट्टेचं, रेट्याचं, गाडीच्या गोष्टीचं, आणि 'जमलं तर'चंही. काहीच राखून ठेवलं नाही. सांगताना तो रडत होता. सोनालीनं बाटली मांडीवर धरून ऐकलं.

त्याचं संपल्यावर तिनं विचारलं, "दादा सोड म्हणला हुता?"

"व्हय."

"तुमाला ऐकू आलं हुतं?"

अमरसिंहाला वाटलं, इथं तरी खोटं बोलावं. "व्हय," तो म्हणाला.

ती उठली आणि आत गेली. खाटेशी जाऊन तिनं भावाच्या पायावर हात ठेवला, पुन्हा बांधलेल्या आधारपट्ट्यावरूनच. कुलदीपला तिच्याकडं बघताच समजलं.

त्यानं अमरसिंहाला आत बोलावून घेतलं. सोनालीला म्हणाला, "तू जरा बाहेर बस." ती बसली नाही, दाराबाहेर उभी राहिली.

"सांगितलंस?"

"सांगितलं." अमरसिंहाचा आवाज फाटला होता. "मला ऱ्हावलं न्हाय कुलदीप. लई दिवस आत कोंडून..."

"तुला ऱ्हावलं न्हाय." कुलदीप उठून बसायला गेला, कळ आली तसा पुन्हा टेकला. "त्या दिशी बाईंनी इचारलं, तवा बोलाया पायजे हुतं. तवा बोलला असतास तर माझा पाय ऱ्हायला असता. लगीन बी म्या कसंबसं निभावलं असतं, आबाचे पाय धरले असते. तवा गप बसलास. आन् आता, जवा बोलून कुणाचंच काय भलं हुणार न्हाय, तवा बोललास. पायाचं म्या सोडून दिलं हुतं. तिच्यासाठी सोडलं हुतं. आता तिच्यापाशी काय ऱ्हायलं?"

 दाराबाहेर बांगड्या वाजल्या, मग पावलं लांब गेली.

ऑपरेशन सोलापूरला झालं. सर्जन मोठे सज्जन होते. त्यांनी कुलदीपला समजावून सांगितलं, की जखम ताजी असती तर त्याचाच पट्टा शिवता आला असता; आता मांडीतल्या स्नायूचा दोर काढून नवीन बांधावा लागला. चालता येईल, शेतात जाता येईल. मातीत उतरायचं मात्र नाव काढायचं नाही. कुलदीपनं मान हलवली. त्या दिवशी त्यानं जेवण परत पाठवलं, आणि मथुराबाईंना वाटलं की भुलीनं मळमळत असेल.

सोनाली भावाची सेवा करायला म्हणून माहेरी आली आणि राहिली. पाऊसकाळ निम्मा सरला तरी राहिली. उत्तरेश्वरांना कुणीच काही सांगितलं नाही. ते अंगणात बसून म्हणायचे, "पोरीला भावाची लई माया. पर जावई कसा फिरकंना इकडं? गरम डोकं म्हणून उगाच नावं ठेवली म्या त्याला. लग्नाआधी किती केलं त्यानं कुलदीपचं." सोनाली चुलीपुढं बसलेली असायची. ती वर बघायची नाही.

टाके काढल्यावरची तपासणी जवळच करून घ्यायला कुलदीप शुभांगींकडं जायचा. एकदा खोलीत दोघंच होते. गुडघा वाकवून बघता बघता त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मला तुमच्या कानामागं तालमीतली माती दिसली होती."

कुलदीपनं चमकून पाहिलं.

"दिसली, आणि मी विचारलं नाही. पिकअपची माणसं आली हे खरंच आहे. त्यांच्यातली एक बाई तुमच्या खाटेपासून नेलेल्या त्या यंत्रामुळंच वाचली. पण नंतर, दुपारी, मला वेळ होता. तुम्हाला एकट्याला उठवून विचारायला हवं होतं. यंत्र जिथं ठेवू तिथलंच दाखवतं. आणि ते कुठं ठेवायचं हे मी तुमच्या बोलण्यावर ठरवलं, माझ्या डोळ्यांवर नाही."

"इचारलं असतं तरी म्या खोटंच बोललो असतो, मॅडम."

"कदाचित. पण मग ते खोटं तुमचं एकट्याचं राहिलं असतं." त्या हात पुसत उठल्या. "आता मी कुणाचाही गुडघा आला की आधी बरोबरच्यांना बाहेर पाठवते. आणि दोन्ही बाजू बघितल्याशिवाय प्रोब खाली ठेवत नाही. तुमच्या उपयोगाचं नाही ते आता."

गौरी-गणपतीच्या आधी कुलदीपनंच सोनालीला परत पाठवलं. ती नको म्हणत होती. "तू सोड म्हणलेलं त्येनं ऐकलं न्हाय दादा," ती म्हणाली. "उद्या म्या म्हणलं तर?"

 वडिलांनी हेच तर बोलून दाखवलं होतं, आणि कुलदीपनं जबाबदारी घेतली होती. तो म्हणाला, "तसा हात उचलला तर त्याच पावली निघून ये. म्या इथंच हाय. पर नुसत्या भ्यानं घर सोडू नगंस. त्यो वाईट न्हाय. भित्रा हाय." ते बोलताना आपण बहिणीची समजूत घालतोय की आपल्या जुन्या शब्दाची, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

ती गेली. अमरसिंहानं तालीम सोडली होती. तो आवाज चढवत नसे, जेवताना पाणीही मागत नसे, स्वतः उठून घेई. सोनाली त्याच्याशी वागायला वाईट नव्हती. दुखलं खुपलं विचारायची, बाजाराचं सांगायची. पण त्याच्या घरात येऊन ती कधी मोठ्यानं हसली नाही, आणि तिचं हसणं कसं असतं हे अमरसिंहाला चांगलं ठाऊक होतं.

भाऊबीजेला कुलदीप वस्तीवर आला. त्याला पाटावर मांडी घालून बसता येत नव्हतं, म्हणून सोनालीनं शेजाऱ्यांकडून खुर्ची आणली. डावा पाय पुढं ताठ ठेवून तो बसला, तिनं ओवाळलं. त्यानं ताटात नवी साडी ठेवली आणि तिच्या वासराची, म्हशीची, विहिरीच्या पाण्याची चौकशी केली. अमरसिंह तूर बघायला म्हणून सकाळीच रानात गेला होता. तो परत आला तेव्हा कुलदीप निघायच्या बेतात होता. वाटेवर माणसं भरून नेणारी वडापची जीप उभी होती.

"जेवलास?" कुलदीपनं विचारलं.

"जेवतो आता."

"तूर बरी दिसती यंदा."

"व्हय. फुलोऱ्याला आलीय."

 सोनाली ताट घेऊन आत गेली. दोघं जीपपर्यंत चालत गेले. अमरसिंह एक पाऊल मागं राहून त्याच्या चालण्याकडं बघत होता. जीपची पायरी उंच होती. कुलदीपनं डावा पाय टेकवून पाहिला, त्याच्यावर अंग उचलता येईना. अमरसिंहानं हात पुढं केला. कुलदीपनं क्षणभर त्या हाताकडं पाहिलं, मग तो धरला, त्यावर भार टाकून वर चढला आणि आत सरकून बसला. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. कुलदीपनं त्याचा हात तोवर सोडला होता. जीप ओढ्याकडं वळेपर्यंत अमरसिंह वाटेत उभा राहिला, मग वैरण काढायला गोठ्याकडं गेला.